आधी नाव, मग पाणी

थेआनोच्या बाप्तिस्म्याला पाद्र्यानं तिचं नाव परस्पर थेओदोरा करून टाकलं होतं. कार्पाथोस बेटावर पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव मिळतं, आणि पुढे आईचं घरही. तिची आजी थेआनो, आजीची आजीही थेआनो. पण त्या नावाची कुणी संत पाद्र्याला ठाऊक नव्हती, म्हणून चर्चच्या लेखी ही थेओदोरा.

त्या नावाला तिनं जन्मात ओ दिली नाही. लग्नात पाद्री "थेओदोरा" म्हणाला, तर ही ढिम्म उभी. शेवटी नवऱ्यानं कोपर मारलं. तरणाताठा नवरा समुद्रानं नेला, तरी घर, ऑलिव्हची झाडं आणि लेक सेवास्ती तिनं एकटीनं सांभाळली. बाई हट्टी होती, आणि हट्ट नसता तर बुडालीच असती.

आता सेवास्तीला मुलगी झाली. भर उन्हाळ्यात बाप्तिस्मा ठरला. नवे पाद्री पापा-अनेस्तिस नाव उच्चारायचा मान असलेल्या धर्ममातेला दरडावत होते, "थेओदोराच म्हणायचं! थेआनो कोण? एक ट्रॉयच्या देवीची पुजारीण, दुसरी कुणा तत्त्ववेत्त्याची बायको. कुणाचं नाव देताय देवाच्या लेकराला?" धर्ममाता कालियोपी शाळेत पोरांना थरथर कापायला लावायची, पण इथे तिची दातखीळ बसली.

"पुजारीण ना? मग तुमच्याच धंद्यातली की हो!" दारातून आवाज आला. थेआनो ऊन पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. घर चर्चला लागून, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याचं पाणी तिच्याच चुलीवर तापायचं.

"ओत इकडे," पाद्री म्हणाले.

"आधी नाव, मग पाणी."

"देवाच्या कामात आडवी येतेस?"

"देवाच्या कुठे? तुमच्या."

पाद्री लोकांकडे वळले. "जा रे कुणीतरी, पाणी आणा."

"आमची विहीर खारी झालीय, फादर."

"आमचा दोर तुटलाय."

"आमचं सरपण ओलं आहे," पावसाचा टिपूस नसताना पलीकडची म्हातारी म्हणाली. सगळे हसले.

"बरं बाई, दोन्ही नावं ठेवू."

"नको. दुसऱ्या नावाचं ओझं मी वाहिलंय. पोरीच्या डोक्यावर ते नको."

वरून ती ठाम होती, पण आतून पार घाबरली होती. पाद्री निघून गेले, तर पोर बाप्तिस्म्याविना राहील आणि सेवास्ती जन्मभर आपलं तोंड बघणार नाही. हंड्यानं हात भरून आले. तिनं तो खाली ठेवला नाही.

पाद्र्यांनी एकदा गर्दीकडे, एकदा निवत चाललेल्या पाण्याकडे पाहिलं आणि बाह्या सावरल्या. "थेआनो तर थेआनो. ओत!"

मग कालियोपीला कंठ फुटला. "थेआनो! थेआनो! थेआनो!"

रीतीप्रमाणे पोरीची आई, सेवास्ती, घरीच थांबलेली. नाव सांगायला पोरं धावतात; जो आधी पोचेल त्याला आई नाणं देते. त्या दिवशी पोरांना कोपरानं बाजूला सारत, दुखऱ्या गुडघ्यानं, थेआनोच आधी पोचली. पण दारात ती चौकट धरून नुसत्या धापा टाकू लागली. मागून पोरांनीच नाव ओरडून सांगितलं.

सेवास्तीनं नाणं आईच्या ओल्या तळव्यावर ठेवलं आणि चर्चकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "थेआनोऽऽ!"

म्हातारीच्या ओठांवर ओ आली होती. तिनं ती गिळली. चर्चमधून पोरीनं टाहो फोडला.