पॉडकास्टचं दीपप्रज्वलन

हैदराबादच्या नल्लकुंट्यात दर तिसऱ्या घरात संगणक आला आणि दर दुसऱ्या भिंतीवर तो शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात आली, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तिथल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. माझी मुलं मराठी धडाधड बोलत, त्यात उर्दू आणि तेलुगू सढळ हातानं घालत, आणि पुस्तक उघडलं की अडखळत.

नववीला भाषा निवडायची असे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, बारा नावं आली तर मराठीचा वर्ग. नाहीतर तुम्ही खालच्या वर्गांना हिंदी घ्या."

आठवीत माझ्याकडे मुलं होती अकरा. त्यातली सगळ्यांत बोलकी मुलगी तेलुगूकडे निघाली होती. "टीचर, बोलायला सांगा, दिवसभर बोलते. वाचायचं नक्को. एक पान होईतोवर सुट्टी होते."

शेजारी पुण्याहून आलेली, संगणक कंपनीत काम करणारी एक सून राहायची. तिनं मला पॉडकास्ट हा शब्द शिकवला. "काकू, तुम्ही बोलायचं, संगणकात साठवायचं. ज्याला हवं तो हवं तेव्हा ऐकेल."

"आणि कुणी ऐकलंच नाही तर?"

"मग ते वर्गासारखंच झालं की."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी त्याच संध्याकाळी दिलसुखनगरला जाऊन माईक घेऊन आले. वाचायला कंटाळणारी मुलं ऐकायला कंटाळत नाहीत, हे इतकं उघड होतं की आजवर आपल्याला सुचलं कसं नाही, असं मला बसमध्ये उभ्या उभ्या वाटत होतं. लहानपणी मी नामपल्लीच्या प्रदर्शनात हरवले होते. तीच गोष्ट सांगायचं ठरवलं. आधी लिहून काढली, चार वेळा मोठ्यानं वाचली. नवरा म्हणाला, "आता मलाही हरवल्यासारखं वाटायला लागलंय."

शाळेच्या संगणकाच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायची परवानगी मागितली, आणि तिथंच घोटाळा झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेचा पहिला पॉडकास्ट, म्हणजे उद्घाटन हवं." समई आली, नारळ आला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला समईशिवाय काही सुरू करता येत नाही. आतल्यालाही येत नसावं. समारंभांना मी आयुष्यभर नाकं मुरडली, पण खरं सांगायचं तर प्रास्ताविक मीच लिहिलं होतं. आभारसुद्धा. आणि माईक पहिल्यापासून चालू होता.

दुसऱ्या दिवशी वर्गाला ऐकवलं. आधी माझं प्रास्ताविक. मग काडी तीनदा ओढल्याचा आवाज, "पंखा बंद करा हो," नारळ फुटल्याचा आवाज, टाळ्या, आणि मुख्याध्यापकांचे दोन शब्द, जे सात मिनिटं चालले. न दिसणाऱ्या समईकडे अकरा मुलं आदरानं बघत होती. शेवटी ती मुलगी म्हणाली, "टीचर, गोष्ट आजच आहे का?"

घरी येऊन मी शेजारणीकडून कापायचं शिकून घेतलं. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. नको ती निवडायची आणि कळ दाबायची. प्रास्ताविक गेलं. आभार गेले. मुख्याध्यापकांवर आल्यावर बोट थांबलं, कारण वर्गाचं भवितव्य त्याच गृहस्थांच्या हातात होतं. शेजारीण म्हणाली, "काकू, विचार करताय की घाबरताय?" दाबली कळ. नोकरीच्या इतक्या वर्षांत एका बोटानं भाषण थांबवण्याचं सुख मला प्रथमच मिळालं.

आता गोष्ट पहिल्याच वाक्याला सुरू होत होती. "मी सहा वर्षांची असताना हरवले." संपल्यावर मुलं पुन्हा लावा म्हणाली. मी तीच गोष्ट लिहिलेले कागद वाटले आणि पुन्हा लावली. आवाज पुढे पळत होता आणि मुलांची बोटं ओळींवरून त्याच्यामागे. मध्येच त्या मुलीनं हात वर केला. "टीचर, तुम्ही घाबरले म्हणालात. इथं भेदरले लिहिलंय. तुम्ही चुकल्या!"

कुणी माझी चूक काढल्याचा एवढा आनंद मला पूर्वी झाला नव्हता. ती वाचत होती.

मग मी नियम केला, ज्याला माईक हवा त्यानं गोष्ट लिहून आणायची. आठवड्यात सगळ्यांची आली. तिची तीन पानी होती, घरात शिरलेल्या माकडाची.

फॉर्म भरायच्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले. पॉडकास्ट पहिल्यापासून ऐकला आणि विचारलं, "बाई, आमचे दोन शब्द?"

"सर, ते वेगळ्या सीडीवर जपून ठेवलेत. वार्षिक संमेलनासाठी."

हे खरंही होतं; कापण्याआधी शेजारणीनं अख्ख्या ध्वनिमुद्रणाची एक सीडी काढून ठेवली होती. ते प्रसन्न झाले आणि फॉर्म मोजू लागले. "अकरा. एक कमी पडतोय."

ती मुलगी उठली आणि दारातून एका मैत्रिणीला हाताला धरून आत घेऊन आली. त्या मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलत, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं.

"हिला मराठी येतं का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"येईल की सर. हिलापण माईकवर बोलायचंय."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रिणीपुढे कोरा फॉर्म ठेवला आणि तिला माझं पेन दिलं.