घोड्यावरची राणी आणि आमची आजी

आमची आजी सहसा कुणाचं कौतुक करायची नाही. वालाच्या शेंगा टच्च भरल्या तरी "गेल्या साली याहून बऱ्या होत्या" असंच म्हणायची. अशा बाईने एका पुतळ्यापुढे हात जोडून उभं राहावं, याचं मला आजही नवल वाटतं.

आम्ही पेणजवळच्या खेड्यातले, भात आणि वाल पिकवणारे. बाबांच्या मावसभावाने घाटावरच्या शहरात घर बांधलं होतं. त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे एसटीने निघालो: बाबा, आई, आजी, मी आणि आईच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ, अजून उभंही न राहता येणारा. आजीच्या पायाशी कडव्या वालाचं गाठोडं होतं. माणसं एकमेकांशी फारशी बोलत नव्हती, कारण घरात आठवडाभर एकच विषय धुमसत होता. आईला कासूजवळच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती आणि येत्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. लग्नाआधी शिकून ठेवलेलं इतक्या वर्षांनी फळाला आलं होतं. पण दिवसभर पोराला बघणार कोण? आजीने एका वाक्यात निकाल लावला होता, "माझी मी पाच पोरां वाढवली, आता नाय." बाबांनी आधी आजीपुढे आणि मग आईपुढे मान डोलावली आणि ते मोकळे झाले. आईने वाद घातला नाही, फक्त त्या दिवसापासून भांडी जरा जोरात आपटू लागली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून बाबा म्हणाले, राणीचा पुतळा बघून जाऊ.

पुतळा बागेत उंच चौथऱ्यावर होता. तोवर घोडा मी फक्त वरातीतला पाहिलेला, नवरदेवाला कंटाळलेला. हा घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा होता आणि त्याच्यावर राणी तलवार उगारून अशी ताठ बसली होती की माझीही पाठ आपोआप सरळ झाली. मला ती फार म्हणजे फारच आवडली. एवढी उंच बाई मी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्याकडे वर मान करून बघणारे एवढे पुरुषही नाही.

आमच्यासारखी बरीच बिऱ्हाडं आली होती. कुणी पोराला खांद्यावर घेऊन फोटोसाठी उभं होतं, कुणी चौथऱ्याच्या सावलीत डबे उघडले होते. एक गृहस्थ आपल्या मुलांना राणीचा इतिहास इतक्या मोठ्याने सांगत होते की सगळ्या बागेची शिकवणी होत होती. आजीने मात्र देवळात काढतात तशा चपला काढल्या आणि हात जोडले.

"बाईमानूस, आनि केवढा दम!" ती म्हणाली.

आजीच्या तोंडून हे ऐकून बाबा चकित होऊन माझ्याकडे बघू लागले. मग ती पुतळ्याला प्रदक्षिणा घालायला निघाली आणि तिच्या मागोमाग आम्ही. मागच्या बाजूला आल्यावर ती थबकली. राणीच्या पाठीला शेल्याने एक मूल बांधलेलं होतं.

"ह्ये काय गो? पोर?"

"व्हय," आई म्हणाली. "तिचा दत्तक मुलगा. त्याला पाठीशी बांधून ती लढली."

आजी त्या मुलाकडे बघत राहिली. त्याच्या डोक्याला ऊन लागतंय, असं काहीतरी पुटपुटली. मग एकदम उसळून म्हणाली, "येवढी मोठी राणी, वाड्यात मानसांचा राबता, आनि पोर धराया कुनी नव्हतं? हिला सासू नव्हती काय?"

आई भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत होती. ती शांतपणे म्हणाली, "ते मला ठाव नाय. पण धरायला कुणी असतं, तर तिनं बांधलं कशाला असतं?"

बाबांना एकाएकी घोड्याच्या शेपटीत फार रस वाटू लागला. मला आईचा अभिमानही वाटत होता आणि आता घरी गेल्यावर महिनाभर अबोला चालणार, ही भीतीही. आजी चपला घालून सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

गाडीत आजी खिडकीशी बसली. घाट उतरला, खोपोली मागे पडली, तरी ती समोरच्या सीटकडे बघत बसलेली. पेण जवळ आलं तेव्हा आईकडे न बघताच तिने हात पुढे केले.

"दे तो इकडं. सोमवारपासून त्याला मी बघीन."

आईला खरंच वाटेना. "आणि शेतावरचं?"

"शेताचं बघू. तू त्याला पाठीला बांधून शाळेत निघालीस, आनि उद्या लोकांनी तुझाबी पुतळा उभा केला, तर येनारं-जानारं मानूस मलाच नावं ठेवील ना गो!"

आईला हसू आवरेना, आणि रडूही. तिने भावाला आजीच्या मांडीवर ठेवलं. तो लगेच तिच्या गळ्यातल्या पोतीला लोंबकळला.

"गप बस जरा," आजी त्याच्यावर डाफरली. "तो राणीचा बघ, कसा गुमान बसून ऱ्हातो."