खडूची खूण

मुलीच्या फळ्यावरचा खडू हातात घेतला, की मला चंदीगडच्या मनीमाजऱ्यातली ती भिंत आठवते. ऑफिसातल्या संदीपने नव्या जीपला जादा एलईडी दिवे बसवले होते. हिमाचलात, स्पितीच्या घाटांत निघाला होता तो. मी बसने फिरणारा. मी भिंतीवर खूण करायची आणि त्याने झोत तिथे आणायचा, असं ठरलं. संध्याकाळची वेळ, नव्या वायरचा वास, पांढऱ्या उजेडात माझीच सावली. मी मुद्दाम खूण योग्य मापापेक्षा चार बोटं खाली केली. दिसू दे फक्त बोनेटपुढचा रस्ता!

परतल्यावर त्याने मला मिठीच मारली. "घाटात समोरच्या कुणाचेही डोळे दिपले नाहीत, यार. तुझं माप पक्कं!"

जीप पाहून जळलो नव्हतो, इतका त्या मिठीत जळलो. जीप तर त्याची होतीच. आता निर्मळ मनही त्याचंच निघालं.