खालचा कप्पा

सुमे, हे पत्र वाचताना माझ्याजवळ बसलीयस असं समज आणि आधी बोलणी खा. दोन वर्षं झाली, आई कशी आहे बघायला माणूस एकदा तरी येतं गं.

आजही कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि ती दुपार आठवली. तुला दत्तक आणून सहा महिने झालेले. सात वर्षांची तू, पलंगाखाली बसून जेवायचीस, कपडे आश्रमातून आणलेल्या पिशवीतच ठेवायचीस. होळीत शेजाऱ्यांनी सिनेमाची कॅसेट आणलेली, अशाच एका जगावेगळ्या दत्तक पोराची. सगळी पोरं त्याला हसत होती, तू तेवढी हसली नाहीस. शेवटी घरच्यांनी त्याला आपलं म्हटलं, तेव्हा माझा पदर घट्ट धरलास.

घरी येऊन तू पिशवी रिकामी केलीस आणि तुझे तीन फ्रॉक माझ्या साड्यांवर ठेवलेस.

"इथं ठेवू?"

मी वाडीत मोगरा खुडून दमलेली. म्हटलं, "साड्या चुरगळतील गं बाई. तुझी पिशवी आहे ना?"

तू मुकाट्यानं सगळं परत भरलंस. मला वाटलं, किती शहाणी पोर.

पुढं लग्नापर्यंत तुझे कपडे पिशवीतच राहिले आणि मी सवय समजत राहिले. आता कळून काय उपयोग? खालचा कप्पा रिकामा केलाय, रोज उघडून बघते. रिकामाच असतो.

लवकर ये गं. येताना एखादा कपडा इथंच ठेवायला म्हणून आण.