वसरीतलं हापिस

आमच्या धाकट्या भावजींइतका घरी बसून सुखी झालेला नोकरदार सबंध डिचोली महालात सापडायचा नाही. सर्वणहून वेर्ण्याच्या कंपनीत, बसमागून बस बदलत जाण्यात त्यांचं तारुण्य गेलं. लग्न राहिलं तेही बशीमुळेच, असं ते म्हणतात. मुलगी बघायला जायचं तर पुन्हा बस! मग कंपनीने घरूनच काम करा म्हणून सांगितलं, आणि भावजी अंगाने भरले. आता सकाळची बस वळणावर भोंगा वाजवते, तेव्हा ते मुद्दाम कुंपणाशी उभे असतात. कंडक्टर ओरडतो, "चड रे बेगीन!" भावजी गरम उंडा पाव चहात बुडवत सांगतात, "हांव हापिसांत पावलों मरे!" कारापूरला भाचीच्या मुलाच्या बारशालासुद्धा ते गेले नाहीत. "बाळाक हांगाच हाडा," म्हणाले. आणि खरंच, बाळाला आणलं.

रेंज फक्त दारापुढच्या वसरीत येते, म्हणून त्यांचा कॉम्प्युटर सासूबाईंच्या खाटेला लागूनच आहे. सासूबाईंचं अर्धं अंग गेल्यापासून त्या सकाळची पेज भावजींच्याच हातून खातात. एका हाताने हापिस, दुसऱ्या हाताने चमचा. मीटिंगही त्या कान देऊन ऐकतात. एका साहेबाचा खोकला ऐकून म्हणाल्या, "ताका आल्याचो काढो घेवंक सांग रे." भावजींनी सांगितलं. साहेबांनी घेतलाही.

आणि एक दिवस कळलं की सगळ्यांना परत वेर्ण्याला बोलावणार. म्हणजे सासूबाई उठण्याआधी निघायचं आणि त्या निजल्यावर यायचं. मग त्यांच्या पेजेचं काय? त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. तो हुकूम व्हायचा त्या मीटिंगआधी भावजींनी कॉम्प्युटरपुढे नारळ-विडा ठेवला आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज जो काय हुकूम येवचो आसा तो पाठी परतय, आवयची पेज चुकवू नको रे म्हाराजा!" माईक उघडाच राहिला होता. कॉम्प्युटरमधून एकदम आवाज आला, "व्हय म्हाराजा!" मीटिंगला जमलेली सगळी पेडण्याची, सावंतवाडीची माणसं, गाऱ्हाणं कानांवर पडल्यावर गप्प कशी राहतील? मोठे साहेब लांबच्या मुलखातले, ते घाबरले. धारगळच्या एका मुलीने त्यांना सगळं समजावलं. मी दाराआड पदर तोंडाला लावून उभी. मग साहेबांनी विचारलं, आई पेज किती वाजता घेतात?

आता फक्त बुधवारी जावं लागतं. त्या दिवशी पेज मी भरवते. सासूबाई नावं ठेवत नाहीत, पण अर्धी वाटी झाल्यावर तोंड मिटतात. उरलेली मी झाकून ठेवते. बुधवारी सासूबाई लवकर निजत नाहीत. रात्री भावजी येतात, हातपाय धुतात आणि खाटेवर बसून ती गार पेज त्यांना भरवतात. तेव्हा सासूबाईंना भूक नसते, हे मला ठाऊक आहे. त्या सगळी संपवतात.