हात जोडून हसणारी माणसं

किस्से हे लग्नघराबाहेरच्या चपलांसारखे असतात. आपण एक जोड काढून आत जातो, बाहेर येऊन बघतो तर ढीग, आणि आपली कुठली तेच कळत नाही. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुवलंचुळीच्या रस्त्याकडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी जे पाहिलं, त्याचं तसंच झालंय. सांगून टाकतो, डोकं मोकळं होईल.

माझी नात वैदेही, मुलीची मुलगी. तिची कंपनी ड्रायव्हरशिवाय चालणारी गाडी बनवते. ती गाडी कुठं फसते ते शोधायचं हे वैदेहीचं काम. रस्त्यात खोटं काहीतरी उभं करायचं आणि गाडीला ते खरं वाटतं का बघायचं. चेन्नईच्या मोठ्या साहेबांनी त्यासाठी आमचं कुंभकोणम् निवडलं. म्हणाले, इथल्या रस्त्यावर जी चालली ती कुठंही चालेल. ही स्तुती होती की शिवी, माझं अजून ठरलेलं नाही.

माझं शिक्षण पाचवी, तीही दोनदा. त्यामुळं मला लाल झेंडा दिला आणि सांगितलं, रस्त्यात कुणाला येऊ द्यायचं नाही. माणसांना हाकलायचं काम मी आयुष्यभर फुकटच केलंय.

वैदेही गावातल्या मेलकावेरी भागात माझ्याच घरी, वरच्या खोलीत राहायला आली. पण गाडी फसायची थांबली की इथलं काम संपणार, कंपनीनं गाडीसाठी घेतलेली शेड बंद होणार आणि ती परत चेन्नईला जाणार. तिला जायचं नव्हतं. तिथल्या खोलीची खिडकी उघडली की समोर भिंत. पण वाईट काम करणं तिच्या रक्तात नाही. म्हणजे पोर जितकं चांगलं काम करणार, तितकी लवकर जाणार.

मी म्हटलं, "जा बाई. लाइटचं बिल कमी येईल."

"आणि रात्री जेवायला हाक कोण मारणार तुम्हाला?"

"पोट मारतं हाक."

*

कापणी झाली की आमच्याकडं रस्त्यावर भात वाळत घालतात. अर्धा रस्ता भाताचा, अर्धा बसचा. गाडी आली, भातापाशी थांबली. आतल्या पडद्यावर आलं, पुढं रस्ता नाही.

वैदेहीबरोबर निरंजन नावाचा पुण्याचा इंजिनियर आहे. पहिल्या दिवशी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेली माझी मराठी ऐकून गालात हसला होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही बखरीसारखं बोलता."

मी म्हटलं, "तू रेडिओसारखा बोलतोस. मी बंद केला का?"

तर हा निरंजन मोडक्या तमिळमध्ये भात राखणाऱ्या म्हातारीला म्हणाला, भात जरा बाजूला घ्या, आमच्या गाडीला रस्ता दिसत नाही.

म्हातारी म्हणाली, "दिसत नाही तर तिला घराबाहेर कशाला काढलीत?"

मग तिनं कावळे हाकायची काठी त्याच्या हातात दिली आणि कॉफी प्यायला निघून गेली. उन्हं कलेपर्यंत निरंजन शेळ्या आणि कावळे हाकत होता. पुण्यात चांगला शिकलाय म्हणतात.

*

गाडीत सेल्वम नावाचा ड्रायव्हर बसतो. ड्रायव्हरशिवायच्या गाडीत ड्रायव्हर कशाला, मी विचारलं.

आजोबांना इकडं तात्ता म्हणतात. तो म्हणाला, "तात्ता, गाडी चुकली तर दाबायला ब्रेकवर पाय ठेवून बसायचं. नाहीतर गप्प. त्याचा पगार मिळतो."

लग्न झालेले सगळे पुरुष हे काम बिनपगारी करतात.

आमच्याकडं घराचं बांधकाम चालू असलं की दृष्ट लागू नये म्हणून पेंढ्याचा बाहुला करून टांगतात, शर्ट-पँट घालून. वैदेहीनं एका घरमालकाकडून तसला बाहुला मागून आणला आणि रस्त्यात आडवा टाकला. गाडी बरोबर थांबली. पण मालक बाहुला परत घेईना.

"याला आता तुमच्या गाडीची दृष्ट लागली. मला नवा करून द्या."

नव्या बाहुल्याला शर्ट कुणाचा? सेल्वमचा जुना, हिरव्या चौकड्यांचा. बाहुला वरच्या मजल्यावरून खाली लोंबत ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी त्या घरासमोर थांबायला लागली. सेल्वम आत बसून बाहेरच्या सेल्वमकडं बघायचा.

एकदा त्याची बायको डबा घेऊन आली होती. तिनं हे पाहिलं आणि म्हणाली, "बघा, घरी कुणी तुमच्यासाठी एवढं थांबतं का?"

*

निरंजननं एकदा डांबरी रस्त्यावर रंगानं खड्डा काढला. इतका खोल काढला की वाकून बघितलं तर चक्कर यावी. गाडी मात्र फसली नाही, सरळ वरून गेली. निरंजन खूश.

फसलं गाव. बस वळून जाते, रिक्षा वळून जाते, सायकलवाला उतरून ढकलत जातो. एक म्हैस तर काठावर उभी राहून मागं फिरली.

हळूहळू लोकांना कळलं की खड्डा खोटा आहे. मग पोरं मुद्दाम वरून गाड्या घालायला लागली. त्यातच पाइपवाल्यांनी तिथंच जरा अलीकडं खरा खड्डा खणला. खुणेला पुढं ना दगड ना फांदी. गाडी आली, थांबली. मागून निरंजन स्कूटरवर येत होता. गाडी का थांबली ते त्याला कळेना. "अगं, माझाच खड्डा आहे तो," असं गाडीवर ओरडत तो बाजूनं पुढं गेला.

तो चिखलातून वर येईपर्यंत वैदेहीनं तोंडावर ओढणी धरली होती. मी विचारलं, "रंग ओला होता काय रे?"

*

सगळ्यात त्रास दिला तो बोर्डांनी. आमच्या गावात कुणाच्या मुलीचे कान टोचले तरी चौकात माणसाएवढे बोर्ड लागतात. त्यावर फोटो बाप, काका, मामा, वॉर्डाचा पुढारी यांचे. सगळे पांढऱ्या शर्टात, हात जोडून, हसत. गाडीला फक्त कॅमेऱ्यांचे डोळे. तिला वाटायचं, हा माणूस रस्ता ओलांडायची परवानगी मागतोय. ती थांबायची. मामा काही हलायचा नाही. मागं बसची रांग आणि कंडक्टरच्या शिव्या.

शेवटी वैदेहीनं तिला शिकवलं की जो हलत नाही, हात जोडतो आणि वर दात दाखवतो, तो बोर्ड. त्याच्यापुढं ताटकळायचं नाही. उजवा इंडिकेटर लावायचा आणि वळसा घालून निघायचं.

खरा माणूस ओळखते का, हे बघायला त्या बोर्डांच्या मध्ये मला उभं करायचे. एकदाही चुकली नाही. निरंजन म्हणायचा, "आजोबा, तुमच्या आठ्या बघूनच थांबते ती." त्याचं खोटं नाही. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी असा उभा आहे की लोक विचारतात, भांडण कशावरून झालं होतं?

*

मग मोठे साहेब शेवटची परीक्षा घ्यायला आले. त्या सकाळी वैदेही इडली नुसती चिवडत होती.

मी म्हटलं, "गाडी नापास झाली तर?"

"नाही होणार," ती म्हणाली. आवाज असा की गाडी पास होणार म्हणजे कुणीतरी जाणार.

साहेब मागच्या सीटवर बसले. गाडीनं भात ओळखला, बाहुला ओळखला, रंगाचा खड्डा ओळखला, बोर्डाच्या मामाला वळसा घातला. सगळ्यात शेवटी रस्त्याच्या मधोमध मी. आठ्या घालून उभा. गाडी दहा हात लांब थांबली.

साहेब खाली उतरले. "उत्तम. आता ही कशालाच फसत नाही. इथलं काम संपलं. सोमवारपासून सगळे चेन्नईला."

निरंजननं टाळ्या वाजवल्या. वैदेहीनंही वाजवल्या, मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

साहेब पुन्हा गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "चला, हिच्यातूनच शेडपर्यंत जाऊ. आजोबा, तुमचं काम झालं, व्हा बाजूला."

मी सेल्वमकडं बघितलं. पाय ब्रेकवर असणारच, त्याचाच तर पगार.

मी झेंडा काखेत धरला, दोन्ही हात जोडले, आणि उरलेसुरले सगळे दात दिसतील असा हसलो.

गाडीनं उजवा इंडिकेटर लावला.