मिशीचा एक केस

बारा मार्च रोजी जलछायाचित्रण मंडळाच्या मासिक पत्रकात, पान तीनवर, तळाच्या चौकटीत पुढील मजकूर छापून आला: ‘सदोष रचनेमुळे घरगुती कॅमेरा-डब्यात पाणी शिरून एका सदस्येचे नुकसान झाले. यापुढे मंडळाच्या तलावात असे डबे आणण्यास मनाई आहे.’ डबा ज्यांनी घडवला, त्या मास्तरांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. ही नोंद आधी करून ठेवणे भाग आहे, कारण पुढचे सारे रामायण ‘सदोष रचना’ या दोन शब्दांचे आहे.

मास्तरांनी शाळेत तेवीस वर्षे भूमितीय रेखांकन शिकवले. पाण्याचे वेड त्यांना चाळिशीत लागले, म्हणजे शहाणी माणसे वेड सोडतात त्या वयात. पाण्याखालून वर पाहिले की पोहणाऱ्याच्या पायांभोवती उजेडाच्या सुरकुत्या पडतात. त्या त्यांना टिपायच्या होत्या. पहिला कॅमेरा त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तलावात नेला आणि तो जागीच गतप्राण झाला. विकतचे डबे त्यांच्या कॅमेऱ्याला बसेनात. मग घरामागच्या खोलीत धातू कातायचे जुने लेथ आले, अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे आले, आणि स्वयंपाकघरातून रोज एकच प्रश्न येऊ लागला.

“अहो, तुमचा डबा झाला का? की माझाच भरू?”

चार डबे गळले. पाचवा टिकला. अकरा वर्षांत असे एकोणीस डबे मंडळाच्या सदस्यांकडे गेले.

डबा आणि झाकण यांच्यामध्ये एक रबरी कडी असते. पाणी अडवते ती कडी. धातू नुसता मिरवतो. तिच्यावर वाळूचा कण चालत नाही, केस तर मुळीच नाही. लेथवर राठ झालेल्या बोटांना केस जाणवत नाही, म्हणून मास्तर प्रत्येक कडी खालच्या ओठावरून सावकाश गोल फिरवून पाहत.

“माझ्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही,” बायको म्हणायची, “आणि रबराचे मुके घ्यायला आहे!”

फेब्रुवारीत पोहणे शिकवणाऱ्या एक बाई आपल्या डब्याची जुनी कडी बदलायला आल्या. त्यांच्या वडिलांना शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी एकदाच, अर्धा तास, पाण्यात उतरण्याची परवानगी दिली होती, आणि तेव्हाचे फोटो बाईंना काढायचे होते. मास्तरांनी नवी कडी बसवली, रिकाम्या डब्यात टिपकागद घालून डबा दिवसभर पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवला. कागद कोरडा निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कॅमेरा आत ठेवला, कडी पुन्हा एकदा ओठावरून फिरवली आणि झाकण आवळले.

तीन दिवसांनी बाई आल्या. डब्यात ओंजळभर पाणी होते. त्या चिडल्या नाहीत, हेच मास्तरांना जड गेले.

“बाबांचा एकही फोटो राहिला नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

मास्तरांनी भिंगाखाली कडी धरली. तिच्यावर आडवा एक केस होता. बोटाच्या पेराएवढाही नाही. अर्धा काळा, अर्धा पांढरा. बाईंचे केस खांद्यापर्यंत. बायकोने भिंगातून पाहिले, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

“हा डोक्यावरचा नाही हो.”

“मग?”

तिने त्यांच्या नाकाखाली बोट ठेवले.

त्या दुपारी मास्तरांनी तीस वर्षांची मिशी उतरवली. पत्रक आले तेव्हा त्यांनी मंडळाला लिहून दिले: रचना निर्दोष आहे, दोष माझ्या हातून झाला. खाली बाईंनीही सही केली. पत्र छापले गेले नाही. मास्तर स्वतः कार्यवाहांकडे गेले.

“काय मास्तर, केस करता की काय आमच्यावर?”

“केस झालाय तो माझाच. तेवढाच छापा म्हणतोय.”

“मिशीचा केस छापू? लोक हसतील तुम्हाला.”

“हसू देत. निदान खऱ्या गोष्टीला हसतील.”

“डबा गळला तो गळलाच ना? कारणाने काय फरक पडतो?”

फरक असा पडतो. रचना सदोष असेल, तर उरलेले अठरा डबे भंगारात जायला हवेत. केस असेल, तर कडी पुसली की भागते. मंडळाने पहिले मानले. सात डबे लोकांनी मास्तरांच्या ओट्यावर आणून ठेवले, बहुतेकांनी घंटीही न वाजवता. एकात कोणीतरी खिळे भरून ठेवले होते. मास्तरांनी ते निवडून काढले, कडी काढली आणि सवयीने ओठांपाशी नेली. तिथे आता मिशी नव्हती. तरीही त्यांचा हात मध्येच थांबला. त्या दिवसापासून लेथवर चादर आहे.

आपली चूक पदरात घ्यायला उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात दुसरीच चूक टाकणे, याला आमच्या मंडळात व्यवस्थापन म्हणतात.

सात जूनला सर्वसाधारण सभा आहे. सदस्यहो, तिथे हात वर करा. ‘सदोष रचनेमुळे’ हे शब्द रद्द करा, त्यांच्या जागी ‘मास्तरांच्या मिशीच्या केसामुळे’ असे त्याच पानावर, त्याच चौकटीत छापा, आणि डब्यांवरची मनाई उठवा.